रोज शेहेचाळीस जास्त

कुणी माझ्यासमोर नुसतं ‘आमचा कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हटलं तरी आजही माझ्या अंगात येतं. मी समोरच्याला खुर्चीवरून उठवते आणि स्वतः बसते. चहा आला तरी तो तसाच निवतो. ही खोड मला दोन हजार आठच्या उन्हाळ्यात लागली, बदलापूरला, कात्रपच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. त्या बारा दिवसांत जी मजा आली ती पुढे पगार घेऊन हेच काम करताना मला कधी आली नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि अंबरनाथच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. शिकवायचे म्हणजे फाइल कशी उघडायची, कशी बंद करायची, राइट क्लिक केल्यावर काय काय येतं, एवढंच. पण गळ्यात क्लासचं ओळखपत्र होतं आणि बिल्डिंगमधल्या चार घरांचे कॉम्प्युटर मी ठीक केले होते, त्यामुळे मान बरीच ताठ होती. घरात आम्ही तिघं. पप्पा अंबरनाथच्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. आई घर सांभाळायची आणि त्याच्या खूप आधी ती गायची.

माझा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, गाणी लिहायचा. त्याची गायन पार्टी होती. भीमजयंतीला, पौर्णिमेला, कुणाच्या हळदीला ही पार्टी वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत गायला जायची. मामा मधोमध हार्मोनियमवर, शेजारी आई, मागे कोरस. पप्पा समोरच्या खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्डिंग करायचे, आणि मला वाटतं त्यांना गाण्यापेक्षा ते बटण दाबण्यातच जास्त रस होता. मी दीड वर्षाची असताना मामा गेला. आईने गाणं सोडलं आणि त्या कॅसेटनाही पुन्हा हात लावला नाही. बदलापुरातल्याच, नदीकाठच्या हेंद्रेपाड्याच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत त्या पडून राहिल्या.

मग दोन हजार पाचच्या जुलैत नदीचा तो पूर आला. हेंद्रेपाड्यात आमच्या तळमजल्यावर गळ्याइतकं पाणी चढलं. मामाची गाण्यांची वही खालच्या कपाटात होती, तिचा लगदा निघाला. ट्रंक माळ्यावर होती म्हणून कॅसेट वाचल्या, तरी ओल शिरायची ती शिरलीच. लेबलं सुटून आली आणि कुठली कॅसेट कुठल्या कार्यक्रमाची हे कुणालाच कळेना. आम्ही नदीला कंटाळून कात्रपला आलो तेव्हा तेवीस कॅसेट घेऊन ती ट्रंकही आली.

त्या कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायची कल्पना माझी. आमचा कॉम्प्युटर उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून घेतलेला, जुन्या भागांचा जुळवलेला. त्याच्याकडूनच एक जुना डेक आणि वायर आणली आणि एकेक बाजू रेकॉर्ड करायला घेतली. आईची अट होती, “माझ्या कानावर येऊ देऊ नको.” म्हणून मी आवाज बंद ठेवला, एकही बाजू ऐकली नाही आणि फाइलींना नावं दिली ‘बाजू १’, ‘बाजू २’, अशी शेहेचाळीसपर्यंत. बऱ्याच फिती तेवढ्या एकदाच वाजल्या. दुसऱ्यांदा लावल्या की डेकमध्ये गुंतून बसायच्या, मग कात्रीच लागायची. म्हणजे आता जे काय होतं ते कॉम्प्युटरमध्येच होतं.

वर मी गाण्यांचा संग्रह सांभाळणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधली सगळी गाणी शोधून त्यांची यादी करतं, आणि आपण काही न सांगता मागच्या मागे इतरही कामं करत बसतं. मी त्याला डी ड्राइव्ह पूर्ण दाखवून दिली. एकही गाणं सुटता कामा नये, असा माझा बाणा होता.

वैशाख पौर्णिमेला बारा दिवस होते तेव्हा हेंद्रेपाड्याच्या महिला मंडळातल्या पाच जणी घरी आल्या. पुरानंतर त्यांचा विहार नव्याने बांधला होता आणि पौर्णिमेला तो उघडायचा होता.

“ताई, दादांचं ते पाटीचं गाणं तुम्हीच म्हणायचं,” त्यांच्यातली थोरली म्हणाली. “कोरसला आम्ही पाच जणी आहोत.”

पाटीचं गाणं म्हणजे मामाचं, नदी ओलांडून शाळेत जाणाऱ्या पोरांचं गाणं. ‘भिजलं अंग तरी चालेल, पाटी भिजू देऊ नको’ असा त्याचा मुखडा. आमच्या भागात ते एके काळी चांगलं गाजलेलं. मला वाटलं आई सरळ नाही म्हणणार. ती खिडकीकडे बघत म्हणाली, “दोन कडवी येतात मला. तिसरं येत नाही. तिसरं मिळालं तर म्हणेन, नाहीतर नाही.”

त्यात अडचण अशी होती की तिसऱ्या कडव्यात मामाचं नाव होतं. या गाण्यांचा रिवाजच तो. ज्याने गाणं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं आणि ते घेतल्याशिवाय गाणारा खाली बसत नाही. बायका गेल्यावर मी आईला म्हटलं, “अगं, तूच जुळव ना दोन ओळी. मामाचं नाव त्यात घाल, झालं.”

आई माझ्यावर अशी भडकली की बास. “ओळी माझ्या आणि नाव त्याचं? असलं खोटं विहारात म्हणू? ज्याच्या ओळी, त्याचं नाव.”

पण मी तिला ओळखत होते. वीस-एकवीस वर्षांत तिने पहिल्यांदा गायला हो म्हटलं होतं, अर्धं का होईना. तिला गायचं होतं. ही संधी गेली तर ती पुन्हा कधी गाणार नाही हे मला लख्ख दिसत होतं. पार्टीतला एकच माणूस आता संपर्कात होता, ढोलकीवाला. त्याला फोन लावला तर त्याने ढोलकीचे बोल तोंडाने वाजवून दाखवले. शब्द म्हणाल तर शून्य.

म्हणजे तिसरं कडवं असलंच तर माझ्या शेहेचाळीस बाजूंत होतं. पाऊण-पाऊण तासाची एकेक बाजू, बारा दिवस हातात. मी आईला म्हटलं, “मी आहे ना.” हे वाक्य मी त्या काळात फार वापरायचे.

त्या संध्याकाळी मी कानाला हेडफोन लावून ‘बाजू १’ सुरू केली. मामाचा आवाज आला, दोन शब्द झाले आणि अडकला. परत आला, परत अडकला. पुढे सरकवायला गेले तर माउस गोठला. कॉम्प्युटरच्या पुढचा लाल दिवा अखंड पेटलेला, आतून करकर आवाज. यादीच्या तळाशी बघितलं तर गाणी ब्याण्णव. मी तर शेहेचाळीसच टाकली होती.

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला आनंद झाला. क्लासमध्ये रोज तेच ते शिकवून कंटाळलेल्या बाईच्या हातात एकदाची खरी भानगड आली होती. मी पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, कामाला लागले.

पहिला संशय व्हायरसवर. दोन संध्याकाळी तपासणी चालली आणि निघालं काहीच नाही. मग मी कुठलं काम किती ताकद खातंय ते दाखवणारी खिडकी उघडली. सगळ्यात वर आमचं गाण्यांचं सॉफ्टवेअर ठाण मांडून बसलेलं. हा चोर. पण तो करत काय होता? त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरले आणि पहिली गंमत सापडली. हे बेणं प्रत्येक बाजूसाठी इंटरनेटवर कॅसेटचं मुखपृष्ठ शोधत होतं. आमच्या कॅसेटची मुखपृष्ठं म्हणजे जुन्या कॅलेंडरची कापलेली पानं, आणि ती पुरात गेलेली. ती हे सॉफ्टवेअर आमच्या मरतुकड्या कनेक्शनवरून साऱ्या जगात धुंडाळत होतं, न मिळाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी ते बंद केलं आणि एकटीच मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघरातून आली.

“मिळालं?”

“कडवं नाही. पण एक चोर मिळाला.”

“बरं,” म्हणाली आणि परत गेली.

दुसरी गंमत आणखी भारी होती. सगळी गाणी सारख्या आवाजात वाजावीत म्हणून हे सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः ऐकून मोजत होतं. इतरांच्या घरी पाच मिनिटांचं गाणं असतं, आमच्या घरी पाऊण तासाची बाजू. त्यात आमच्याकडे रोज दुपारी दोन वाजता लोडशेडिंग. दिवे गेले की त्याची मोजणी अर्धवट मरायची, आणि दुसऱ्या दिवशी साहेब ‘बाजू १’पासून परत सुरू. जगात एवढा कष्टाळू आणि एवढा मूर्ख नोकर मी पाहिला नव्हता. तेही बंद केलं. कॉम्प्युटर जरा हलका झाला आणि त्या संध्याकाळी मी तीन बाजू जवळजवळ नीट ऐकल्या. त्यात पाटीचं गाणं नव्हतं. मामा मात्र होता, आणि जो माणूस मला आठवतच नव्हता त्याचा आवाज मी तीनदा मागे नेऊन ऐकला.

पण दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जैसे थे. मामा अडखळतोय, लाल दिवा पेटलेला, आणि खालचा आकडा दोनशे तीस. पुढच्या दिवशी दोनशे शहात्तर. त्याच्या पुढच्या दिवशी तीनशे बावीस. मी यादीतून जास्तीची नावं पुसली की अर्ध्या तासात परत हजर. रोज शेहेचाळीस जास्त, एक कमी नाही, एक जास्त नाही. वहीत आकडे लिहून मी त्यांच्याकडे बघत बसायचे. क्लासमध्ये फळ्यावर शिकवतानाही डोक्यात तेच. मी ठरवून टाकलं की हे सॉफ्टवेअर रोज आपल्याच फाइली दुसऱ्यांदा मोजतंय. ते काढून टाकलं, परत टाकलं. जुनी यादी फेकून नवी बनवली. नवी यादी पहिल्याच दिवशी तीनशे अडुसष्टवर उभी राहिली.

आई सहाव्या दिवसापर्यंत रोज विचारायची, मिळालं का. सातव्या दिवशी तिने विचारलं नाही. दाराशी आली, मला बघितलं आणि भाजी निवडायला गेली. तेव्हा मात्र माझी मजा जरा उतरली.

आठव्या दिवशी हार्ड डिस्कवर जागा संपत आल्याची सूचना आली. झालं, दुकानदाराने खराब डिस्क गळ्यात मारली, असा माझा निकाल तयार. वायरी उपटल्या, ते धूड मांडीवर घेतलं आणि रिक्षा बदलत बदलत भर उन्हात उल्हासनगर गाठलं. दुकानदार साठीचा, शांत, कपाळावर चष्मा. मी त्याला दुकानात शिरता शिरताच सुनावायला सुरुवात केली. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि डबा टेबलावर जोडला.

“बेटी, मशीनमध्ये खोट नाही,” तो त्याच्या त्या मिसळीच्या मराठीत म्हणाला. “डिस्क भरत आली आहे. क्या भरा है, वो देखा तू?”

“शेहेचाळीस फाइली आहेत फक्त.”

“यादी में तो चार सौ के ऊपर दिखा रहा है.”

“ते सॉफ्टवेअर चुकीचं मोजतंय.”

“सॉफ्टवेअर को गिनना आता है, बेटी. पहले देख, गाना पड़ा कहाँ है.”

यादीत एक रकाना असतो, गाणं कॉम्प्युटरमध्ये कुठे ठेवलंय ते दाखवणारा. तो मी पहिल्याच दिवशी बंद केला होता. का, तर तो लांबलचक दिसायचा आणि यादीची शोभा जायची. दुकानदाराने तो चालू केला. पहिली शेहेचाळीस गाणी माझ्या फोल्डरमधली. त्याखालची सगळी, ओळीने, एकाच ठिकाणची. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचलं.

“ये ‘पप्पा’ कौन है? कंपनी है क्या?”

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. डी ड्राइव्हवर मीच पप्पांना एक फोल्डर करून दिला होता. ‘हा तुमचा, इथे काय वाटेल ते करा, माझ्या वस्तूंना हात लावू नका’ असं सांगून. आमच्या घरात पप्पांच्या कपाटाला कुणी हात लावत नाही, मग फोल्डरला मी कशाला लावेन? आठ दिवस मी घरभर चोर शोधला आणि तेवढी एक खोली सोडून दिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तपासणीचे पैसे दुकानदाराने घेतले नाहीत, उलट डबा रिक्षापर्यंत आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला सुट्टी टाकली. सकाळी अकराला आई मंडळात गेली, पप्पांनी अंघोळ करून स्वच्छ शर्ट घातला, चष्मा लावला आणि ऑफिसला बसावं तसे कॉम्प्युटरसमोर बसले. मी मागे उभी राहिले. त्यांनी माझा फोल्डर धरला. राइट क्लिक. कॉपी. आपला फोल्डर उघडला. आत ओळीने फोल्डर, ‘लॉट १’, ‘लॉट २’, आठपर्यंत. त्यांनी ‘लॉट ९’ केला आणि पेस्ट. राइट क्लिक त्यांना शिकवलं कुणी? मीच.

“पप्पा, हे काय चाललंय?”

“स्पेअर करतोय,” ते मान न वळवता म्हणाले.

मी किंचाळलेच असते, पण त्यांच्या समोर एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड होतं ते मला दिसलं. कारखान्यात प्रत्येक खणाला लटकवतात तसं, आत काय आहे, किती आहे ते लिहायचं. त्यावर त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरात बाजू १ ते ४६ आणि पुढे एकेक ओळ. कुठला कार्यक्रम, कुठलं गाव, कोण गातंय. बहुतेकांपुढे लाल पेनाने लिहिलेलं ‘रिजेक्ट’.

“रिजेक्ट म्हणजे?”

“आवाज अडखळतो. तपासल्याशिवाय माल घ्यायचा नाही, ही माझी सवय. लॉट एक तपासला, अडखळतो. म्हणून दुसरा केला. तोही अडखळतो. दिवसेंदिवस जास्तच अडखळायला लागलाय. तुझ्या मशीनमध्येच दोष आहे.”

“मग खराब लॉट काढून का नाही टाकले?”

“मालाला स्क्रॅप करायला वरची सही लागते,” ते म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते.

मी पलंगावर बसले आणि हसत सुटले. पप्पा कॉपी करतात म्हणून सॉफ्टवेअर राबतं, सॉफ्टवेअर राबतं म्हणून गाणं अडखळतं, गाणं अडखळतं म्हणून पप्पा कॉपी करतात. आठ लॉट झाले होते. मी त्यांना ते समजावलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“वही एकच होती,” मग ते म्हणाले. “स्टोअरमध्ये एक नग म्हणजे शून्य नग. मला चाळीस वर्षं हे माहीत, आणि घरात मी एकच वही ठेवली. तिची दुसरी प्रत कारखान्यात टाइप करून घेता आली असती.” मग कार्डावर बोट ठेवून म्हणाले, “एकतीस नंबरात पाटीचं गाणं आहे. सुरुवात अडकली म्हणून मधूनच लावून मुखडा तेवढा ऐकलाय मी. पुढे अडकतं. एक पीस चांगला निघाला की तुझ्या आईला देणार होतो.”

त्यांनी हे आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. तपासून पास न झालेला माल ते देणार नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्यांची इतकी माया आली की मी त्यांच्या टकलावर हात फिरवला. त्यांना ते आवडलं नाही.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. दोनला दिवे जाणार. “सही करा,” मी म्हटलं. त्यांनी खरोखर कागदावर लिहिलं, लॉट एक ते नऊ स्क्रॅप, खाली सही, आणि मी पुसायला घेतलं. मशीन कण्हत होतं, एकेक लॉट जायला आठ-नऊ मिनिटं. मी पप्पांचा फोल्डर सॉफ्टवेअरच्या नजरेआड केला, त्याची मागची कामं एकूण एक बंद केली. शेवटचा लॉट गेला आणि तो लाल दिवा विझला. दिवसरात्र पेटणारा दिवा एकदाचा विझला तेव्हा मी आणि पप्पा दोघंही त्याच्याकडे बघत होतो. एक वाजून पस्तीस मिनिटं. आई दारात चपला काढत होती.

“आई, बस,” मी म्हटलं. “एकतीस नंबर.”

तिने हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. मी आवाज मोठा केला, पहिल्यांदाच, आणि मामा बोलला. अडखळला नाही.

“जय भीम मंडळी,” तो म्हणाला. “आज माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. माझी बहीण दवाखान्यात आहे. काल तिला मुलगी झाली.”

मी पप्पांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, “मी फक्त टेप चालू करून देऊन तुमच्याकडे परत आलो होतो. मी हे ऐकलेलं नाही.” म्हणजे आमच्या तिघांपैकी कुणीच ते कधी ऐकलं नव्हतं.

दोन कडवी झाली. आईचे ओठ हलत होते. मग हार्मोनियम थांबली आणि मामा पुन्हा बोलला, गाण्यातून बाहेर येऊन, साध्या आवाजात. “या गाण्याचा मुखडा माझ्या बहिणीचा आहे. लोक मला विचारतात आणि मी गप्प बसतो. ओळ तिची, नाव माझं, असं मी किती दिवस चालवू?” आणि त्याने तिसरं कडवं घेतलं. पोरं पलीकडे पोचतात, पाटी कोरडी आहे, आणि पाटीवर पहिलं नाव लिहितात. जिथे मामाचं नाव यायचं तिथे त्याने आईचं नाव घेतलं. तीन अक्षरं, तालात चपखल.

आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “मी नुसतं म्हटलं होतं गं,” ती म्हणाली. “भांडी घासताना. आमची आई आम्हाला नदीवर असं म्हणायची, पाटी भिजू देऊ नको. मी ते चालीत म्हटलं. तो म्हणाला, हे मी घेऊ का? मी म्हटलं, घे.” मग ती रडली, आणि मीही रडले. पप्पा एकतीस नंबरापुढचा ‘रिजेक्ट’ खोडत होते. दोन वाजता दिवे गेले.

रडून झाल्यावर तिने निकाल दिला. ती गाणार. पण आपलं नाव आपल्याच तोंडाने घेणार नाही. मामाचं नावही तीन अक्षरी आहे, तिथे तेच घेणार. मी म्हटलं, “ज्याच्या ओळी त्याचं नाव, असं कोण म्हणत होतं?” तिने मला गप्प बसायला सांगितलं. पप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडून सीडी बनवून घेतल्या, एक घरात आणि पाच कोरसच्या पाच जणींना, आणि स्वतः जाऊन हेंद्रेपाड्यात घरोघर देऊन आले. सरावाला आईने दोनच कडवी म्हटली. तिसरं घ्यायला लागली की तिचा आवाज जायचा, म्हणून म्हणाली ते थेट तिथेच घेईन.

पौर्णिमेला विहार भरून लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. नव्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता. आई पांढऱ्या साडीत माइकसमोर बसली, मागे पाच जणी, बाजूला उल्हासनगरहून आलेला आमचा म्हातारा ढोलकीवाला. मी आणि पप्पा दुसऱ्या रांगेत. तिचा पहिला सूर थोडा थरथरला, मुखड्याला तो बसला, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मागची म्हातारी माणसं बरोबर म्हणू लागली. बाकीच्या टेपांवर होता तोच आवाज, जरा जाड झालेला.

तिसरं कडवं आलं. नावाची ओळ आली. आईने मामाचं नाव घेतलं, स्पष्ट, मान ताठ ठेवून. आता ती ओळ कोरसने उचलायची होती. मागच्या पाच जणींनी ती उचलली आणि त्यांनी मामाच्या जागी आईचं नाव घेतलं. सीडीवर होतं तसंच, पाच आवाजांत, एकदम.

आई थांबली. मागे वळून तिने त्या पाच जणींकडे बघितलं. त्या तिच्याकडे बघतच नव्हत्या, समोर बघून टाळी देत होत्या. ढोलकीवाला नुसता ठेका धरून वाट बघत राहिला. मग आईने ती ओळ परत घेतली, आणि या वेळी आधी भावाचं नाव घेतलं आणि त्याला लागूनच स्वतःचं. ओळीत जागा एकाच नावाची होती. ताल सुटला, ढोलकीवाल्याने कसाबसा सावरला, आणि आई पुढे गात राहिली.